पहिला मॉन्स्टर घरी आणताना

माझ्या टेबलावरच्या ड्रॅक्युलाला सुळे नाहीत. घरी येणाऱ्या पाहुण्याला हे लगेच दिसतं आणि "तुला फसवलं की काय रे?" असा प्रश्न येतो. फसवलेलं नाही. १९३१ सालच्या सिनेमात बेला लुगोसीने ड्रॅक्युला केला आणि त्यात तो शेवटपर्यंत एकदाही सुळे दाखवत नाही. लाल डोळे, रक्ताळलेले सुळे हे आपल्या डोक्यात बसलं ते पुढच्या सिनेमांमुळे. माझी फिगर १९३१ च्या लुगोसीची आहे, त्यामुळे ओठ मिटलेलेच हवेत.

जुन्या हॉरर सिनेमांतल्या मॉन्स्टरांच्या फिगर्स जमवायला निघालेल्या माणसाला मी हीच गोष्ट आधी सांगतो. चांगली फिगर म्हणजे एका नटाच्या रंगवलेल्या चेहऱ्याचं वीतभर उंचीचं व्यक्तिशिल्प. चेहरा जमला तर फिगर जमली. नाहीतर बत्तीस सांधे आणि सहा जादा हात घेऊन काय करायचंय?

आधी सिनेमे बघा, पाकीट मग काढा

या छंदाचा गाभा म्हणजे अमेरिकेतल्या युनिव्हर्सल स्टुडिओचे सिनेमे. 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' १९३१, 'द ममी' १९३२, 'द इनव्हिजिबल मॅन' १९३३, 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' १९३५, 'द वुल्फ मॅन' १९४१ आणि सगळ्यांत उशिरा, १९५४ साली, 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून'. मूकपटाच्या काळातला लॉन चेनीचा 'फँटम ऑफ द ऑपेरा' १९२५ चा. बहुतेक सिनेमे सव्वा तासाच्या आसपास संपतात, म्हणजे दोन रविवारांत सगळे उरकतील. १९२२ चा जर्मन 'नोस्फेरातू' युनिव्हर्सलचा नाही, पण त्याचा टकला, उंदरासारख्या दातांचा काउंट ऑर्लोक कलेक्टरांच्या कपाटात हमखास असतो.

बघताना चेहऱ्यांकडे लक्ष द्या. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस (फ्रँकेन्स्टाइन हे डॉक्टरचं आडनाव, राक्षसाला नावच नाही, सुरुवातीच्या श्रेयनामावलीत तर नटाच्या नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह आहे) साकारला बोरिस कार्लॉफने आणि घडवला मेकअपवाल्या जॅक पिअर्सने. चपटं डोकं, जड झालेल्या पापण्या, मानेला दोन धातूचे तुकडे. ते तुकडे स्क्रू नव्हेत, वीज आत घ्यायची टोकं आहेत. चांगल्या फिगरमध्ये कपाळावरचे टाके, एका गालावरचा खळगा आणि अर्ध्या मिटलेल्या पापण्या नीट दिसतात. पापण्या पूर्ण उघड्या असतील तर तो कार्लॉफ नाही, हिरवा रंग लावलेला पहिलवान आहे.

ममीची गंमत वेगळीच. पट्ट्यांत गुंडाळलेला इम्होतेप पडद्यावर सुरुवातीच्या एका प्रसंगात दिसतो, बास. उरलेल्या सिनेमाभर कार्लॉफ सुरकुतल्या कातडीचा, फेझ टोपी घातलेला अर्दथ बे म्हणून वावरतो. तरी बाजारात ममीच्या फिगर्स बघा, जवळपास सगळ्या पट्ट्यांच्याच. वधूचंही तसंच. एल्सा लँचेस्टर वधूच्या रूपात काही मिनिटंच आहे, पण केसांतल्या त्या पांढऱ्या विजेच्या रेघांनी ती नव्वद वर्षं टिकून राहिली.

उंची ठरवा आणि मग हलू नका

दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा मोठा मावळा आणि हत्तीएवढी कोंबडी आपण सगळ्यांनी मांडली आहे. लहानपणी चालतं. शेल्फवर मात्र १८ सेंटिमीटरच्या वुल्फ मॅनशेजारी १० सेंटिमीटरचा ड्रॅक्युला उभा राहिला की दोघांचीही भीती वाटेनाशी होते.

म्हणून एक माप निवडा. सर्वांत छोटं पावणेचार इंची, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर. १९८० च्या आसपास रेम्को कंपनीने याच मापाचे मॉन्स्टर काढले, आज सुपर७ ची रिअ‍ॅक्शन मालिका त्याच जुन्या धाटणीत येते. पुठ्ठ्यावर लावलेली, मोजके सांधे असलेली खेळणी. गोड दिसतात, पण चेहऱ्याच्या कामाची अपेक्षा ठेवू नका.

सहा इंची माप म्हणजे एकास बारा. हिशोब सोपा: माणसाचा एक फूट तिथे एक इंच. जाडा टॉईजची युनिव्हर्सल मॉन्स्टर मालिका याच मापात आहे आणि नवख्यासाठी मी तीच सुचवतो. किंमत आवाक्यातली, सांधे भरपूर, चेहरे त्या पैशात आश्चर्य वाटावं इतके चांगले.

सात इंची मापात नेका या न्यू जर्सीच्या कंपनीच्या 'अल्टिमेट' फिगर्स येतात. बारीक काम हवं असेल तर बहुतेक जण शेवटी इथेच येऊन थांबतात. अमेरिकेत दुकानातला भाव साधारण ३० ते ४० डॉलर. बदलायची डोकी, हातांचे जोड आणि समोरचं झाकण उघडलं की आतली फिगर दिसेल अशी खिडकीची पेटी.

आठ इंचीत मेगोच्या कापडी कपड्यांच्या बाहुल्या, १९७० च्या दशकातल्या घाटाच्या. ज्यांचं बालपण त्यांच्यासोबत गेलं त्यांना त्या प्रिय आहेत. मला नाहीत. आणि एकास सहा, म्हणजे फूटभर उंचीच्या फिगर्स खरं कापड, वेगळे लावलेले पट्टे, बटणं घेऊन येतात. एकीची किंमत सहज २०० डॉलरच्या पुढे. पहिल्या वर्षात त्यांच्या पानांवर फिरकूच नका.

रंगीत की कृष्णधवल

सिनेमे कृष्णधवल, त्यामुळे कंपन्या बऱ्याचदा एकच फिगर दोन्ही रूपांत काढतात. नवख्याला करड्या फिगर्स फिक्या वाटतात, जुना कलेक्टर त्यांच्यावर जीव टाकतो.

राक्षस हिरवा का, याचं उत्तर इथेच आहे. कार्लॉफच्या तोंडाला लावलेला रंग करडा-हिरवट होता, कारण त्या काळच्या फिल्मवर तो मढ्यासारखा पांढुरका उमटायचा. पडद्यावर कुणी हिरवा राक्षस पाहिलाच नव्हता. हिरवेपणा पोस्टरांनी, मास्कांनी आणि खेळण्यांनी पक्का केला. १९६१ मध्ये ऑरोरा कंपनीने जोडायचा प्लास्टिकचा फ्रँकेन्स्टाइन काढला तेव्हा तो अमेरिकेतल्या घराघरांत गेला. त्याआधी १९५७ पासून हे जुने सिनेमे तिथल्या टीव्हीवर रात्री दाखवायला लागले होते, म्हणून तर मुलांना ते ठाऊक होते.

माझं मत विचाराल तर पहिला संच रंगीत घ्या. करड्या फिगरचं काम प्रकाशावर अवलंबून असतं आणि घरच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ती धूळ बसल्यासारखी दिसते. सगळे रंगीत किंवा सगळे करडे. मिसळ करू नका, पस्तावाल.

चेहरा कसा तपासायचा

पेणला गणपतीच्या कारखान्यात गेलात तर बाकीचा रंग पोरंटोरं देतात, पण डोळ्यांच्या आखणीला हात मुरलेलाच लागतो. फिगरचंही तेच. बुबुळ केसभर सरकलं की लुगोसीची ती खिळवून ठेवणारी नजर चकणी होते.

कंपनी विक्रीआधी जे फोटो दाखवते ते बहुधा हाताने रंगवलेल्या नमुन्याचे असतात. कारखान्यातून हजारोंनी निघालेला माल तसाच असेल असं नाही. म्हणून फिगर बाजारात आल्यावर लोकांनी घरी काढलेले फोटो शोधा, तेही समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले. दुकानात हाताळायला मिळत असेल तर एकाच फिगरच्या तीन-चार पेट्या शेजारी मांडा. तीन डोळे बघितल्यावर चौथा बरोबर कोणता ते आपोआप कळतं. आधी डोळे, मग ओठांची कड, मग केस आणि कपाळ जिथे मिळतात ती रेघ. वुल्फ मॅनच्या बाबतीत केस जास्त महत्त्वाचे: पिअर्सने लॉन चेनी ज्युनियरच्या चेहऱ्यावर याकचे केस चिकटवले होते. फिगरमध्ये ते प्लास्टिकमध्ये कोरलेले असतात आणि खाचांत गडद रंग उतरवला नसेल तर चेहरा चॉकलेटच्या गोळ्यासारखा गुळगुळीत दिसतो.

चेहऱ्याला एक कायदेशीर बाजूही आहे. लुगोसी १९५६ मध्ये गेला, आणि त्याचा चेहरा वापरून युनिव्हर्सल वस्तू विकतं म्हणून त्याच्या वारसांनी खटला भरला. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल वारसांच्या विरोधात दिला. पुढे १९८० च्या दशकात तिथे कायदाच आला आणि मृत कलाकाराच्या चेहऱ्यावर वारसांना हक्क मिळाला. तेव्हापासून ड्रॅक्युला काढायचा तर स्टुडिओची परवानगी एक आणि नटाच्या वारसांची दुसरी. ही दुसरी न घेता केलेला ड्रॅक्युला कपड्यांनी ड्रॅक्युला असतो आणि तोंडाने लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला. पेटीच्या मागे नटाच्या नावाचा उल्लेख आहे का ते वाचा.

या सगळ्या कटकटीतून सुटलेले दोघेच. अदृश्य माणूस, कारण क्लॉड रेन्सचा चेहरा सिनेमाच्या अगदी शेवटी दिसतो, तोवर नुसत्या पट्ट्या आणि काळा चष्मा. दुसरा क्रीचर, म्हणजे 'ब्लॅक लगून'मधला पाण्यात राहणारा प्राणी. त्याचं रूप मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीने आखलं, श्रेय मात्र अनेक वर्षं तिच्या विभागप्रमुखाने मिरवलं. जमिनीवर बेन चॅपमन आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग, असे दोन माणसं दोन पोशाखांत. रबरी पोशाखाचं शिल्प प्लास्टिकमध्ये उतरवणं माणसाच्या चेहऱ्यापेक्षा सोपं, म्हणून क्रीचरची वाईट फिगर मी फार कमी पाहिली आहे. पहिली फिगर कोणती, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून क्रीचर सांगतो.

विकत घेताना

तीन मार्ग आहेत. भारतातली दुकानं आणि त्यांच्या वेबसाइट: भाव चढा, पण पेटी हातात पडेपर्यंतची डोकेदुखी त्यांची. मुंबई कॉमिक कॉनसारख्या ठिकाणी फिगर समोर दिसते, चेहरा तपासता येतो. दुसरा मार्ग परदेशातून मागवण्याचा. इथे कस्टम्सचा हिशोब आधी करा. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. तुमच्या पार्सलवर नेमकं किती लागेल हे ते कोणत्या वर्गात आणि कोणत्या मार्गाने येतं त्यावर ठरतं, पण एक लक्षात ठेवा: शुल्क फिगरच्या किमतीवरच नाही, वाहतूक खर्च धरून येणाऱ्या रकमेवर लागतं. ३५ डॉलरच्या फिगरला ३० डॉलर टपाल पडलं तर त्या टपालावरही कर. कुरियर केवायसीची कागदपत्रं मागतो, ती तयार ठेवा. तिसरा मार्ग आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: अमेरिकेहून येणारी बहीण, आतेभाऊ, मित्राची मावशी. त्यांना पेटी चपटी करून आणायला सांगू नका, आणि त्यांच्या बॅगेत पाच-पाच फिगर्स कोंबू नका. बॅगेत आणलेल्या सामानालाही शुल्कमुक्त मर्यादा असते, शिवाय पुढच्या वेळी ते फोन उचलणार नाहीत.

आता माझी फजिती. सुरुवातीला मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस निम्म्या भावात घेतला. पेटी उघडली आणि नाकाला रॉकेलसारखा वास झोंबला. डाव्या पायाच्या बुटाचा तळवा उजव्यापेक्षा जाड, त्यामुळे राक्षस कलंडायचा. पेटीवरची छपाई धुरकट, आणि मागे जिथे युनिव्हर्सलच्या हक्कांची ओळ आणि कंपनीचं नाव हवं तिथे नुसती बारकी, वाचता न येणारी रेघ. अस्सल फिगरच्या पाठीवर किंवा तळपायावर कंपनीचा शिक्का आणि साल कोरलेलं असतं. ते नसेल तर विषय संपला. विक्रेत्याला फोटो मागा: पेटीची मागची बाजू, तळपाय, आणि चेहरा समोरून. "स्टॉक फोटो आहे भाऊ" असं उत्तर आलं की नमस्कार करा आणि निघा.

बाजारातून संपलेली फिगर चौपट भावात घ्यायची घाईही करू नका. लोकप्रिय मॉन्स्टर पुन्हा काढले जातात. थांबणाऱ्याला बहुतेक वेळा मिळतात.

पेटी उघडल्यावर

उघडा. पेटीत बंद ठेवून भाव वाढेल अशा आशेवर असाल तर म्युच्युअल फंड घ्या. शिवाय बंद पेटीत फिगर सुरक्षित असते हा गैरसमज आहे. मऊ पीव्हीसीत मिसळलेलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर झिरपतं, बंद जागेत ते पृष्ठभागावरच साचतं आणि काही वर्षांनी फिगर हाताला चिकट लागते. तसं झालं तर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि जुना मऊ टूथब्रश. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, चेहराच पुसला जाईल.

नव्या फिगरचा सांधा पहिल्यांदा हलवताना घाई केली की मोडतो. कारखान्यात सांध्यात रंग गेलेला असतो आणि तो वाळून दोन भाग चिकटलेले असतात. मी एकदा मनगट अडलं म्हणून जोर लावला. टक् असा बारीक आवाज आला, पंजा माझ्या हातात आणि खुंटी मनगटाच्या आत. त्या दिवसापासून गरम केल्याशिवाय सांध्याला हात लावत नाही.

पद्धत अशी. चहाच्या पातेल्यात पाणी कढत करा, उकळी फुटण्याआधी गॅस बंद. अडलेला सांधा त्यात अर्धा मिनिट बुडवा. बाहेर काढून लगेच, पुढे-मागे, एकेका बोटाच्या ताकदीने हलवा. चिकटलेला रंग सुटताना हलकीशी कुरकुर जाणवते. नाही सुटला तर पुन्हा बुडवा. तिसऱ्या खेपेला सुटतोच. कापडी कपडे किंवा कोटाचं अस्तर असेल तर पाण्याऐवजी हेअर ड्रायर, वीतभर लांबून. डोकं बदलतानाही हेच: मानेची खुंटी घट्ट असते, डोक्याचं रबर गरम झालं की लोण्यासारखं बसतं. वाकलेले पाय सरळ करायचे असतील तर गरम करून सरळ धरा आणि तसेच गार पाण्यात घाला, आकार कायम होतो.

आपला पावसाळा

अमेरिकन कलेक्टरांचे सल्ले वाचताना हे ध्यानात ठेवा की त्यांचं घर कोरडं असतं. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर फिगरची खरी परीक्षा असते. नकली चामड्याचे कपडे दमट हवेत आतून कुजतात आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात, त्यावर इलाज नाही. कापडी झग्याच्या कडेत तार असेल तर ती गंजून डाग पाडते. म्हणून किनारपट्टीवर राहणाऱ्याने कपडेसुद्धा प्लास्टिकमध्येच कोरलेल्या फिगर्स घ्याव्यात. त्या धुताही येतात. पाण्यातून आलेला क्रीचर इथेही सगळ्यांत टिकाऊ.

काचेचं कपाट असेल तर प्रत्येक कप्प्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ पाडते. खिडकीतलं थेट ऊन नको. आठवड्यातून एकदा कपाटाचं दार तासभर उघडं ठेवा.

उन्हाळ्यात आणखी एक त्रास: घोटे मऊ होऊन फिगर हळूहळू पुढे झुकते आणि एका रात्री शेजारच्याला घेऊन पडते. तळव्याला भोक असेल तर स्टँड लावा, नसेल तर पाय थोडे फाकवून, वजन दोन्ही टाचांवर येईल असं उभं करा.

मांडणी

पाच फिगर्स पुरतात. दाटीवाटीने लावल्या की चेहरे एकमेकांना खातात.

प्रकाश मात्र नीट द्या. 'ड्रॅक्युला'चं छायाचित्रण जर्मनीहून आलेल्या कार्ल फ्रॉइंडने केलं आणि पुढच्या वर्षी 'द ममी' दिग्दर्शितही केला. त्याच्या चौकटींत अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात असतो. घरी हे जमवायला महागडं काही लागत नाही. शेल्फच्या एका बाजूला, फिगरच्या छातीच्या उंचीवर, पिवळसर एलईडीचा एकच छोटा दिवा लावा. तो गरम होत नाही, प्लास्टिकला धोका नाही. वरची ट्यूब बंद करा. दिवा दोन बोटं मागे-पुढे सरकवत राहा. एका ठिकाणी आल्यावर कार्लॉफच्या जड पापणीखाली सावली पडते आणि मघाशी नुसता हिरवा दिसणारा चेहरा तुमच्याकडे बघायला लागतो. तिथे पेन्सिलने खूण करा, म्हणजे पुसापुशीनंतर दिवा परत तिथेच ठेवता येईल.